एका वहीतले दोन तहानलेले

मी एक जुनी जीप आहे, आणि माझ्याकडून जिजाबाईला एकच गोष्ट मिळायची होती: तिचा नवरा. तोही एकदम नव्हे, हप्त्याहप्त्यानं. मंगळवारी रामटेकहून रामदासपेठेच्या हॉस्पिटलात नेला की गुरुवारपर्यंतचा, गुरुवारी नेला की शनिवारपर्यंतचा, आणि शनिवारी नेला की थेट मंगळवारपर्यंतचा. हा शेवटचा हप्ता एका दिवसानं लांब. म्हणून शनिवार चुकवायचा नाही, असं तिथल्या सिस्टरनं तिला बोट नाचवून सांगितलं होतं. मित्रांनो, बायका देवाकडे सात जन्म मागतात असं ऐकून आहे. जिजाबाईनं माझ्याकडे मंगळ, गुरु, शनि एवढंच मागितलं. मला ते जड नव्हतं. पण माझं पाणी गायब होऊ लागलं, आणि खाली एक थेंब सापडेना.

पण आधी माझी ओळख. माझा जन्म एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा बगळ्यासारखी पांढरी होते. आता माझा रंग जुन्या दातासारखा झाला आहे. मला घरी आणलं जिजाबाईच्या नवऱ्याच्या, म्हणजे रुपरावांच्या, थोरल्या भावानं, मनोहररावांनी. धानाची पोती भरून ते मला कळमन्याच्या बाजारात नेत, आणि तिथे काट्यावर धाकटे रुपराव उभे असत, कारण ते बाजारातले मापारी. एक भाऊ माल आणणार, दुसरा तोलणार. लोकांना वाटे, घरचाच काटा! पण रुपराव थोरल्याच्या पोत्यातही मूठभर जास्त लिहीत नसत. त्यावरून दोघांत आठ-आठ दिवस अबोला चाले. डबा मात्र अबोल्यातही माझ्याच पाठीमागे, एकाच पोत्यावर बसून खात.

त्रिपुरी पौर्णिमेला गडमंदिराच्या चढावर मी अकरा-अकरा माणसं घेऊन चढले आहे. वर पोचल्यावर मनोहरराव माझ्या बॉनेटवर थाप मारत. "जीप नाही गा, म्हैस आहे म्हैस! पाणी दाखवा अन् कामाले लावा." अशी शाबासकी फार कमी गाड्यांच्या वाट्याला येते.

मग मनोहररावांच्या आतड्याचं ऑपरेशन ठरलं. मीच त्यांना नेलं होतं. त्या दुपारी त्यांच्या खाटेजवळ जिजाबाई बसली होती. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर बाई पदर घेऊन असते आणि बोलणं जवळजवळ नसतंच. एकतीस वर्षांत मनोहररावांनी धाकट्या भावाच्या बायकोकडे थेट काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. "घोटभर पाणी दे वं बाई." ऑपरेशनाआधी पाणी द्यायचं नाही, असं सिस्टर सांगून गेली होती. जिजाबाईनं कापसाचा बोळा ओला करून ओठांना लावला. त्यांनी पुन्हा मागितलं. तिनं पुन्हा बोळा लावला. ते टेबलावरून परत आले नाहीत. जिजाबाईनं नियम पाळला होता, तिला कुणी बोल लावला नाही. म्हणूनच बहुधा तो बोल तिच्यापाशीच राहिला. परतीच्या वाटेवर ती माझ्या मागच्या बाकावर बसून पुटपुटत होती, "घोटभरच तं मागतलं होतं."

त्यानंतर पाच वर्षं मी अंगणातल्या चिंचेखाली उभी होते. कोंबड्या माझ्या सीटखाली अंडी घालत, आणि ड्रायव्हरच्या सीटवर मनोहररावांच्या बसण्याचा खळगा तसाच राहिला होता. माझी पुन्हा आठवण झाली ती रुपरावांच्या किडन्या बसल्या तेव्हा. त्यांचा मुलगा जितेंद्र मनसरच्या शाळेत शिकवतो. त्यानं आठवड्यातले तीन दिवस दुपारची पाळी मागून... छे, खोटं कशाला सांगू, दुपारची मिळालीच नाही. बिनपगारी रजा टाकून तो बापाला आणू-नेऊ लागला, आणि तेवढ्यावरून चिडचिडाही होऊ लागला.

आता वहीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यात आहे. डायलिसिसच्या माणसानं किती पाणी प्यावं याला माप असतं. रुपरावांना दिवसाला सातशे मिलिलिटर, चहा-वरण धरून. जिजाबाई स्टीलच्या छोट्या पेल्यानं मोजून देई आणि वहीत लिही. हॉस्पिटलात मशीनआधी रुपरावांना काट्यावर उभं करत, वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. ज्या माणसानं चाळीस वर्षं अख्खा कळमना तोलला, त्यालाच आता आठवड्यातून तीनदा तोलत. पहिल्याच दिवशी ते काट्यावरून उतरले.

"सिस्टर, आधी काटा शून्यावर आणा. दोनशे ग्रॅम मारून राहिला तुमचा."

सिस्टर हसली. मग काटा तपासला, आणि दोनशे ग्रॅमच निघाले. तेव्हापासून तिथे त्यांना 'मापारीकाका' म्हणत.

दिवाळीनंतर माझं पाणी कमी व्हायला लागलं तेव्हा जिजाबाईनं त्याच वहीत उभी रेघ मारली. डावीकडे 'रुपराव', उजवीकडे 'जीप'. दोघांचंही पाणी आत जाताना दिसे. बाहेर येताना दोघांचंही दिसत नव्हतं. सुरुवातीला मला फेरीला पाऊण लिटर लागे. संक्रांतीपर्यंत दीड. होळीला तीन.

"जीपले पाणी अन् बाबाले नाही," रुपराव एकदा लेकासमोर कुरकुरले, म्हणजे बायकोला ऐकू जाईल असे. "पाह्य जितू, तुह्या मायचा न्याय."

"जीप मरत नाही पिऊन," जिजाबाई आतून म्हणाली. हसल्यासारखं म्हणाली. पण त्या दिवशी तिनं जेवण अर्धं टाकलं.

मनसरच्या नाक्यावर कवडू मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्यानं मला तीनदा उघडली. ऑइलात बोट बुडवून पाहिलं, त्यात पाणी नव्हतं. मागच्या धुरापाशी नाक नेलं, वास नव्हता. रेडिएटर काढून फुग्यासारखा तपासला, धड होता. माझ्याखाली रात्रभर पुठ्ठे अंथरले. सकाळी पापडासारखे कोरडे.

"ऑइलात नाही, धुरात नाही, खाली नाही. मंग गेलं कुठी?" कवडूनं हात पुसले. "काकू, तुमची जीप गळून नाही राहिली. पिऊन राहिली."

तो गमतीनं म्हणाला. जिजाबाईच्या हातातला डबा मात्र खाली पडला.

कारण तिला तो आवाज ऐकू येत असे. आम्ही कन्हानच्या पुलाजवळ पोचलो, अंग चांगलं तापलं, की माझ्या आतून एक सुस्कारा निघे. लांब, बारीक, एखादा माणूस तहानेनं उसासा टाकतो तसा. घाटीवर, गर्दीत तो ऐकू येत नसे. पण पुलावर वारा पडला की स्पष्ट यायचा. जितेंद्र रेडिओ मोठा करी. जिजाबाई पदर डोक्यावर ओढून घेई. थोरला दीर समोर असल्यावर घेते तसा.

तुम्ही मला विचाराल, तुझंच अंग, तुला कळलं नाही? मित्रांनो, माझे दोन्ही डोळे पुढे आहेत, पोटात नाहीत. मला फक्त पोटाशी काहीतरी चावतंय असं वाटे, तेही तापल्यावर. थंड झाले की काही नाही. आणि खरं सांगू? त्या खळग्यात जितेंद्र बसलेला असताना मलाही कधीकधी वाटे की बसणारा दुसराच कुणी आहे. पुलावर तो उसासा आला की मीही घाबरून वेग कमी करी.

आता जिजाबाईनं काय केलं ते ऐका. रुपरावांचं डायलिसिस सुरू झालं त्या पहिल्याच शनिवारी तिनं माझ्या पुढच्या दांडीला लिंबू-मिरची बांधली होती. जितेंद्रनं ती तोडून फेकली. "आई, हॉस्पिटलसमोर लोक हसतात. मी विज्ञान शिकवतो वं पोरांले!" जिजाबाई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जपून राहावं, हे त्या घरात फक्त रुपरावांना माहीत होतं. पुढच्या शनिवारपासून तिनं एक लिंबू, सात मिरच्या तारेत ओवून बॉनेटच्या आत, खाली अंधारात, रेडिएटरच्या खालच्या रबरी पाइपाला बांधायला सुरुवात केली. सकाळचं पाणी तीच भरायची, त्यामुळे बॉनेट तिच्याच हातचं. दोरा उष्णतेनं तुटतो म्हणून तार. तार ढिली राहिली तर लिंबू गळेल म्हणून पीळ घट्ट. लिंबू चार दिवसांत वाळून रस्त्यात कुठेतरी पडे. तार राही. पुढच्या शनिवारी नवी तार, जुनीच्या शेजारी.

मला तेव्हा एवढंच कळत होतं की शनिवारी तिचे हात माझ्या पोटाशी बराच वेळ असतात. मला वाटे, माया करते आहे. करतच होती.

आणि त्या तारा दिसल्या नाहीत असं नाही हं! कवडूनं पाहिल्या होत्या. त्याला वाटलं, जितेंद्रनं पाइप आवळलाय. आपल्याकडे पाइपाला तार गुंडाळणं म्हणजे अर्धी दुरुस्तीच. जितेंद्रनंही एकदा पाहिल्या. त्याला वाटलं, कवडूनं आवळलाय. दोघांनाही वाटलं, चांगलं घट्ट काम आहे. दोघांनीही हात लावला नाही.

मे महिना आला. मला फेरीला पाच लिटर लागू लागलं. जितेंद्रनं एका संध्याकाळी सांगून टाकलं, "बाबा, ही भंगारात देतो. तुमच्यासाठी कामठीत खोली पाहू, नाही तं बसनं जाऊ." बसमधून येताना रुपराव एकदा चक्कर येऊन पडले होते, आणि रामटेक सोडायचं म्हटलं की ते दोन दिवस जेवत नसत. हे तिघांनाही माहीत होतं. कवडूनं शेवटचा उपाय सुचवला. "रेडिएटरात मूठभर हळद टाका, काकू. बारीक भोक असन तं बुजून जाते. एवढ्यानं नाही झालं तं मंग माझा रामराम."

शनिवारी सकाळी जिजाबाईनं माझ्यात हळद ओतली. आधी देवापुढे धरली, मग ओतली. आणि नेहमीप्रमाणे खाली हात घालून नवी तार आवळली. डायलिसिसची वेळ अकराची. आम्ही नवाला निघालो.

कन्हानचा पूल ओलांडला आणि माझा उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात गेला. उसासा या वेळी थांबलाच नाही, शिट्टीसारखा वाढत गेला. जितेंद्रनं मला कडेला, निंबाखाली घेतलं. सोबतचे पाण्याचे दोन्ही कॅन वाटेतच रिकामे झाले होते. तो मागच्या ढाब्याकडे कॅन घेऊन धावला. जाताना आईवर ओरडला, "सकाळी भरलं तरी होतं का तू नीट?"

रुपरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"जिजे, एक सांग. मले मशीनआधी तोलतात अन् मशीननंतर तोलतात. हे जीप सगळ्यांनी पाहिली कवा? थंड असताना. तापल्यावर, चालू असताना कोणी पाहिली का?"

"आता काहून पाहता? बसा तुमी सावलीत."

"अवं, माल काट्यावर असतानाच पाहा लागते. उतरल्यावर काय दिसन?"

वीस मिनिटं त्यांनी मला निवू दिलं. खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी करून झाकण हळूच उघडलं. मग पिशवीतून स्वतःची बाटली काढली. अर्धा लिटर, चहा-वरण सोडून त्या दिवसाचं त्यांचं सगळं पाणी.

"अहो, ते तुमचं आहे!" जिजाबाई ओरडली. "संध्याकाळी मागान तं मी नाही देणार!"

"माहीत आहे मले तू नाही देणार," ते म्हणाले, आणि ती अख्खी बाटली माझ्यात ओतली. आठ महिन्यांत माझ्यात पुष्कळ पाणी पडलं होतं. पण तहान लागलेल्या माणसाचं पाणी मी पहिल्यांदाच प्यायले. झाकण लावून ते म्हणाले, "बस तिथी. चावी फिरव."

"मी? भाऊजींच्या जागी?"

"फिरव वं. दादा रागावत नाही."

जिजाबाई त्या खळग्यात बसली, जेमतेम कडेला टेकली. चावी फिरवली. वर उचललेलं बॉनेट तिच्या आणि नवऱ्याच्या मध्ये पडद्यासारखं उभं होतं. तिला ते दिसत नव्हते. मला दिसत होते, माझ्या तोंडासमोर, गुडघ्यावर बसलेले.

मी तापले. चावणं सुरू झालं. उसासा आला, आणि मी रुपरावांचा चेहरा पाहिला. ते खालच्या पाइपाकडे पाहत होते. तापलेला पाइप फुगला होता, तारा त्याच्या रबरात रुतून कापत गेल्या होत्या, आणि तारेच्या वेढ्यांमधून केसाएवढं बारीक, पिवळं, हळदीचं तुषार उडत होतं. पंखा ते ओढून गरम इंजिनावर फेकत होता. तिथे ते वाफ होऊन जात होतं, थेंब होण्याआधीच. पाइपाभोवती हळदीची पिवळी कड जमली होती.

"बंद कर," ते म्हणाले.

मी थांबले. त्यांनी हात घातला. सर्वात वरच्या तारेला ताजं लिंबू होतं, सकाळचं, आणि सात मिरच्या. त्यांनी तारेचा पीळ बोटांनी चाचपला, आणि त्यांचं बोट थबकलं. एक वेढा उलटा, दोन सुलटे, टोक आत मुडपलेलं. धानाच्या पोत्याचं तोंड बांधायची ही गाठ. कळमन्यात ती सगळ्यांना येत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात त्यांनीच ती जिजाबाईला शिकवली होती, हातावर हात ठेवून.

"काय दिसून राहिलं?" पडद्यामागून आवाज आला.

ते तारा मोजत होते.

"अहो, मोठे भाऊजी आहेत का?"

मित्रांनो, या एका प्रश्नात सहा वर्षं होती. रुपरावांनी डोळे मिटले. मग साध्या, बाजारात भाव सांगावा तशा आवाजात म्हणाले, "नाही वं. दादा नाही. दादा कवाचाच गेला. तहान-बिहान काही नेली नाही त्यानं. पाइपाची क्लिप ढिली आहे."

पडद्यापलीकडे ती रडू लागली. त्यांनी तिला रडू दिलं आणि तेवढ्या वेळात एकेक तार सोडवली. तेहेतीस. एक अंगठ्यात घुसली. मशीनच्या औषधांमुळे त्यांचं रक्त लवकर थांबत नसे, ते दुपट्ट्यात दाबून धरलं. तारा खिशात घातल्या. सीटखालून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून पाइपाला करकचून गुंडाळली. मिरच्या शेतात फेकल्या. लिंबू फेकायला हात उचलला, आणि थांबले. ओठ कोरडे पडले होते. उतरवलेलं लिंबू कुणी ओलांडतसुद्धा नाही. त्यांनी ते दातानं फोडलं आणि चोखलं. हे फक्त मी पाहिलं.

जितेंद्र कॅन घेऊन आला. त्यालाही क्लिपच सांगितली. "अन् मायवर ओरडू नोको. पाणी तिनं भरलं होतं. मी पाहिलं."

हॉस्पिटलात पोचायला एक तास वीस मिनिटं उशीर झाला. खुर्ची पुढच्या पेशंटला वेळेवर द्यावी लागते. चार तासांऐवजी दोन तास चाळीस मिनिटं मिळाली, आणि पुढचा हप्ता तो लांबवाला होता. रविवार त्यांनी बसून काढला, कारण आडवं झालं की दम लागे. त्या शनिवारची वही लिहिताना जिजाबाईनं विचारलं, ते अर्धा लिटर कुणाच्या नावावर लिहू? "माह्याच लिही," ते म्हणाले. "माहं होतं, मी प्यालो."

माझं पाणी त्यानंतर कमी झालं नाही. पूल आला की जिजाबाई कान देऊन ऐके आणि पदर तसाच राहू देई. पण आता तिची खात्री पटली होती की एवढ्या शनिवारांचा उतारा अखेर लागू पडला! पुढच्या शनिवारी ती तार आणि लिंबू घेऊन माझ्याकडे आली. रुपराव दारात बसले होते.

"जिजे, जीप बरी झाली. आता मले बांध. दोऱ्यानं बांध, तार टोचते."

ती तिथेच उभी राहिली. त्यांना माहीत होतं हे तिला कळलं. किती माहीत होतं हे कळलं नाही. तेव्हापासून त्यांच्या डब्याच्या पिशवीला दर शनिवारी लिंबू-मिरची लटके. हॉस्पिटलात पेशंट हसत. मापारीकाका सांगत, "बायकोचा काटा आहे. शून्यावर आणता येत नाही."

पौषात ते गेले. त्या एक तास वीस मिनिटांमुळे नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. आठ महिन्यांनी कोण तसं म्हणेल? मीही म्हणत नाही. फक्त रस्त्याच्या कडेच्या त्या निंबाजवळून गेले की पोटात चावल्यासारखं होतं, पाइप नवा आहे तरी.

तेराव्यानंतर जिजाबाईनं त्यांची जुन्या वजनांची पेटी उघडली. आत तारांची जुडी होती, पोत्याच्या गाठीनं बांधलेली. खाली वहीचं फाडलेलं पान, रुपरावांच्या टोकदार अक्षरात: 'तारा ३३. वजन ५० ग्रॅम. जीपनं प्यायलेलं पाणी १९२ लिटर. गाठ कोणाची: माझी.'

पान घेऊन ती अंगणात आली. माझं बॉनेट उघडून खालच्या पाइपावर हात ठेवून उभी राहिली, संध्याकाळ होईपर्यंत. जितेंद्र आला आणि शेजारी उभा राहिला. मला भंगारात द्यायचं तो आता बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनं यंत्र असेल, जुनं माणूस असेल, तर एवढं करा. थंड असताना सगळेच धड दिसतात. ते तापलेलं असताना, चालू असताना, गुडघे टेकून एकदा खाली पाहा. आणि कुणी काही घट्ट बांधलेलं दिसलं तर दुसऱ्यानं बांधलं असेल म्हणून पुढे जाऊ नका, विचारा.

त्या संध्याकाळी जिजाबाईनं वही आणली, मे महिन्यातला तो शनिवार काढला. रुपरावांच्या रकान्यातलं अर्धा लिटर खोडलं आणि माझ्या रकान्यात लिहिलं. मग त्यांच्या रकान्यात पाण्याचं काय उरलं ते पाहिलं, आणि तेही लिहिलं. शनिवार. जीप: साडेदहा लिटर. रुपराव: शून्य.

लिंबू एक. पण ते वहीत नाही.